दवाखान्याच्या कागदावरचा अवघड शब्द



भाताची लावणी उरकली, खाचरांत पाणी खेळू लागले. या दिवसांत या सदरात करपा, खोडकिडा आणि खताचा दुसरा हप्ता यांविषयी लिहायचे, हा आपला रिवाज. या खेपेला तो मोडतो आहे. कारण असे, की गेल्या काही वर्षांत भोर आणि वेल्हे भागात फिरताना पिकांच्या प्रश्नांबरोबर एक वेगळाच प्रश्न माझ्यापुढे येऊ लागला आहे. बांधावरची पाहणी होते, चहा होतो, आणि मग घरातला वडीलधारा माणूस उठून फळीवरची पिशवी काढतो. पिशवीत चार घड्या घातलेला कागद असतो. आसपास कोणी नाही असे पाहून तो कागद माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "सायेब, तुमी शिकल्यालं हाय. ह्ये वर काय लिवलंय, तेवडं सांगा."

कागद दवाखान्याचा असतो. गोळ्या सकाळी किती, रात्री किती, हे औषधाच्या दुकानदाराने समजावून दिलेले असते. अडते ते वरच्या ओळीवर. तिथे रोगाचे नाव म्हणून एक लांबलचक इंग्रजी शब्द लिहिलेला असतो. तो वाचता येत नाही, आणि शाळेत जाणाऱ्या नातवाने अडखळत वाचला तरी उमगत नाही. शब्द असतो 'स्किझोफ्रेनिया'. खेड्यात त्याचे 'सिझोफेनी'पासून 'फेनिया'पर्यंत काहीही होते.

मी डॉक्टर नव्हे. मी शेतकी पदवीधर. पण शेतकी कॉलेजात झाडांची, किडींची, बुरशींची नावे घोकताना आम्हाला ग्रीक आणि लॅटिन शब्दांशी पुष्कळ झटापट करावी लागे. त्या झटापटीत एक गोष्ट कळली. हे शब्द बाहेरून नारळासारखे कठीण दिसतात, पण फोडले की आत ओळखीचाच गर निघतो. आज तसाच हा एक शब्द फोडून पाहू आणि त्याच्या भावकीतले आणखी चार-दोनही पाहू. रोगावरचा उपचार मात्र डॉक्टरच सांगतील, ते काम माझे नाही.

शब्द न कळल्याने काय होते ते आधी सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही. तोरण्याच्या पायथ्याकडची एक वाडी म्हणा. घरात दोन मुले. थोरला बारावी होऊन पुण्याकडच्या एका कारखान्यात लागला. दीड वर्षाने परत आला तो बदलून. रात्र रात्र जागा, कोपऱ्यात बसून एकट्याशीच बोलणे, आईने वाढलेल्या ताटावर संशय. कोणी तरी आपल्याला नावे ठेवत आहे, असे त्याला ऐकू येई. घरच्यांनी रीतीप्रमाणे आधी देवऋषी गाठला, नारळ झाले, कोंबडे झाले. पुढे एका शिकलेल्या भाच्याने पुण्याच्या दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत पोरगा झोपू लागला, जेवू लागला, गुरांमागे जाऊ लागला. सगळे सुरळीत चालले होते.

मग मुंबईचे एक पाहुणे जत्रेला आले. त्यांनी कागद वाचला आणि शहाणपणा सांगितला, की या शब्दाचा अर्थ 'माणसाचे दोन तुकडे होणे', एका अंगात दोन माणसे राहतात, सिनेमात दाखवतात ना तसे. झाले! आईने त्या रात्री कागद भाताच्या कणगीत खोल खुपसून ठेवला. गोळ्या बंद. धाकट्या मुलीचे लग्न ठरायचे होते, त्यात हे बाहेर फुटले तर काय, ही दुसरी धास्ती. सहा आठवड्यांत पोरगा पुन्हा रात्रीचा रानात फिरू लागला.

पीक पाहणीला गेलो तेव्हा ही माउली मला म्हणाली, "सायेब, पोराच्या अंगात दोन मान्सं हायती म्हनं. एक आमचा, आन् दुसरा कुनाचा वो?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? मला त्या घडीला कॉलेजातले वनस्पतिशास्त्रच आठवले. मी विचारले, "मावशी, धने पेरताना काय करता?"

"रगडायचं. दोन डाळी करायच्या. आख्खा धना लवकर उगवत न्हाय."

"मग एका डाळीतून कोथिंबीर आणि दुसरीतून गाजरगवत येतं का?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

धन्याच्या फळाला वनस्पतिशास्त्रात नाव आहे 'स्किझोकार्प'. जिरे, ओवा, बडीशेप यांचेही फळ तसेच. 'कार्प' म्हणजे फळ. 'स्किझो' म्हणजे फुटणारे, चिरफळणारे. पिकल्यावर दोन भागांत सुटते ते फळ. रोगाच्या नावातला पहिला तुकडा हाच. आणि गंमत पाहा, भाषेचे जाणकार सांगतात की ग्रीकांचा हा 'स्किझो' आणि आपल्या संस्कृतातला 'छिद्' हे एकाच मुळाचे दोन फुटवे आहेत. 'छेद', 'छिद्र', 'छिन्नविच्छिन्न' हे आपले शब्द त्याच मुळाचे. म्हणून मराठीत या आजाराला 'छिन्नमनस्कता' म्हटले गेले, तेव्हा निम्मा शब्द जणू परगावी गेलेला भाऊ घरी यावा तसा परत आला.

आता दुसरा तुकडा, 'फ्रेन'. इंग्रजीत मनाविषयीचे कितीतरी शब्द या ग्रीक मुळातून आले. पण मुळात 'फ्रेन' म्हणजे मन नव्हेच. छाती आणि पोट यांच्या मधे स्नायूचा एक पडदा असतो, श्वास घेताना तो खालीवर होतो. बोकड कापताना फुप्फुसाखाली तो पातळ पडदा तुम्ही पाहिला असेल. ग्रीक लोक त्याला आणि त्याच्या आसपासच्या जागेला 'फ्रेन' म्हणत, आणि माणूस विचार करतो तो तिथेच, असे मानत. होमर या त्यांच्या जुन्या कवीच्या काव्यात वीर पुरुष विचार करतात ते डोक्यात नव्हे, छातीच्या या तळाशी. आजही या पडद्याला हलवणाऱ्या नसेला डॉक्टर 'फ्रेनिक' नस म्हणतात. म्हणजे एकाच मुळाचा एक शब्द छातीच्या डॉक्टरकडे गेला आणि दुसरा मनाच्या.

यात ग्रीकांना हसण्याचे कारण नाही. आपण काय वेगळे करतो? वाईट बातमी आली की आपल्या 'काळजात धस्स' होते, भीतीने 'पोटात गोळा' येतो, कोणाचा अपराध आपण 'पोटात घालतो'. आणि उचकी लागली की आपली आजी काय म्हणायची? कोणी तरी आठवण काढली! उचकी म्हणजे त्याच पडद्याला बसलेला हिसका. दूर देशातल्या माणसाचे मन आपल्याला पोचते ते नेमके या पडद्यापाशी, असे आपली आजी मानत होती आणि हजारो मैलांवरचा ग्रीकही मनाला तिथेच बसवत होता. दोघांचेही चुकले. मनाचे व्यवहार चालतात मेंदूत. पण दोघांनी पाहिलेले खरे होते, की मन बिघडले की श्वास, छाती, पोट, सगळ्यांना ते जाणवते.

याच 'फ्रेन'पासून तापात बरळणाऱ्या रोग्यासाठी जुन्या वैद्यांनी 'फ्रेनायटिस' शब्द केला आणि त्यातून पुढे इंग्रजीत 'फ्रेंझी' व 'फ्रँटिक' आले, बेभान आणि कासावीस या अर्थाचे. मधल्या काळात युरोपात 'फ्रेनॉलॉजी' नावाची एक विद्या निघाली होती. डोक्यावरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगायचे. आपल्याकडे भविष्य सांगणारे मोठमोठ्या घरांत मानाने बसतात, तशी या मंडळींचीही तिकडे चलती होती. ती विद्या पुढे खोटी ठरली आणि संपली.

तर 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द जुन्या ग्रीकांनी केलेला नाही. तो केला स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर या डॉक्टरने, १९०८ साली. हा माणूस आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. झुरिक शहराजवळच्या झोलिकोन गावच्या शेतकऱ्याचा तो मुलगा. त्याच्या सख्ख्या बहिणीलाच मनाचा आजार होता. त्या भागातल्या शेतकऱ्यांची त्या वेळी तक्रार असे, की मनोरुग्णालयातले बडे डॉक्टर परके, त्यांना आमची बोली कळत नाही, मग आमच्या माणसाच्या मनातले त्यांना कळणार कसे? ब्लॉयलरला ती बोली घरचीच होती. राईनाऊ येथील आश्रमवजा रुग्णालयात तो बारा वर्षे रोग्यांच्या संगतीत राहिला. तुमच्या-माझ्या कामात जे खरे, तेच इथेही खरे ठरले: बांधावर बसून ऐकल्याशिवाय कळत नाही.

त्याच्या आधी या आजाराला जे नाव होते त्याचा अर्थ 'लहान वयात आलेला बुद्धीचा ऱ्हास' असा होत असे. जर्मनीचे एमिल क्रेपेलिन यांनी ते रूढ केले होते. ब्लॉयलरने पाहिले की सगळ्यांची बुद्धी काही जात नाही. पुष्कळ रोगी सावरतात, काही तर चांगले सावरतात. मग 'ऱ्हास' हा शिक्का कशाला? म्हणून त्याने नाव बदलले. म्हणजे ज्या शब्दाने आपली माउली घाबरली, तो शब्द मुळात आधीच्या शब्दापेक्षा सौम्य म्हणून केलेला होता.

आणि त्याला 'दोन माणसे' म्हणायचेच नव्हते. त्याला म्हणायचे होते ते बैलजोडीच्या उदाहरणाने सांगतो. विचार, भावना आणि इच्छा ही मनाच्या औताला जुंपलेली जनावरे. चांगल्या मनात ती एका तालात चालतात. या आजारात जू सैल होते. विचार एकीकडे ओढतो, भावना दुसरीकडे, इच्छा जागच्या जागी उभी. दुःखाची गोष्ट सांगताना माणूस हसतो, कानात नसलेला आवाज त्याला खरा वाटतो, अंघोळीला उठायचे बळ येत नाही. बैल मेलेला नसतो, परका बैलही आलेला नसतो. सांधा ढिला झालेला असतो, एवढेच. सिनेमात एका अंगात दोन माणसे दाखवतात तो निराळाच आणि फार क्वचितचा प्रकार आहे. त्याचा या आजाराशी संबंध नाही.

ही जी 'सायको' म्हणून शिवी पोरे एकमेकांना घालतात, तीही जरा फोडून पाहू. 'सायकी' हा ग्रीकांचा दुसरा शब्द. अर्थ श्वास, प्राण, जीव. आपण 'जीव गेला' म्हणतो आणि 'जीव लावला'ही म्हणतो, तसाच तो दोन्हीकडे चाले. म्हणजे कोणाला 'सायको' म्हटले तर मुळात 'अरे जीवा' म्हटल्यासारखे झाले! 'सायकॉलॉजी' म्हणजे जिवाचे शास्त्र, मानसशास्त्र. 'सायकिअॅट्रिस्ट' म्हणजे जिवाचा वैद्य. त्यातला 'आयाट्रोस' म्हणजे ग्रीक वैद्य. या विद्येला हे नाव १८०८ साली जर्मनीच्या योहान राइल या डॉक्टरने दिले.

ग्रीक भाषेत 'सायकी' म्हणजे फुलपाखरूही. कोशातून निघून उडून जाणारा जीव, अशी ती कल्पना असावी. आम्हा शेतकीवाल्यांना हा शब्द कीटकशास्त्रात भेटतो. बाभळीच्या फांदीला काटक्यांची छोटी जुडी लोंबताना तुम्ही पाहिली असेल. आत एक अळी असते, ती काटक्यांचे घर पाठीवर घेऊन फिरते. त्या कुळाचे शास्त्रीय नाव 'सायकिडी'. पाहा, बाभळीवरची अळी आणि पुण्याचा मनाचा डॉक्टर, दोघांच्या पाटीवर एकच शब्द.

'मेंटल' ही शिवी तर आपल्या घरचीच निघते. संस्कृतातले 'मन', 'मती', 'मनन', लॅटिनमधला 'मेन्स', इंग्रजीतला 'माइंड' आणि ग्रीकांचा 'मॅनिया' ही सगळी एका बियाण्याची रोपे आहेत, वेगवेगळ्या खाचरांत लावलेली. 'मेंटल' म्हणजे मनाचा, बस्स. मग ज्याच्यापाशी मन आहे असा कोण त्यातून सुटला?

ग्रीकांच्या काही शब्दांत मात्र चुकीची समजूत गोठून राहिली. बाईमाणसाला झटके आले की 'हिस्टेरिया' म्हणत. हा शब्द गर्भाशयाच्या नावावरून केलेला. बाईच्या आजाराचे मूळ गर्भाशयात, असे मानून जुन्या वैद्यांनी मोकळे व्हावे आणि तिचे दुःख कोणी विचारू नये, असा तो कारभार. डॉक्टरांनी आता तो शब्द टाकून दिला आहे. आपणही सुनेविषयी बोलताना टाकावा. 'मेलँकोलिया', म्हणजे दीर्घ उदासी, याचा अर्थ 'काळे पित्त'. शरीरात काळे पित्त साठले की माणूस उदास होतो, ही त्यांची धारणा. आपले वात-पित्त-कफ त्यांच्या कानावर गेले असते तर त्यांना नवल वाटले नसते.

फेफऱ्याचा ग्रीक शब्द 'एपिलेप्सी', त्याचा अर्थ 'धरणे, झडप घालणे'. आपण म्हणतो 'धरलंय', 'झपाटलंय', ते अगदी तेच. फेफरे हा मनाचा नव्हे, मेंदूचा आजार. पण त्याची कथा इथे सांगण्याजोगी आहे. ग्रीकांकडे तो देवाचा कोप समजला जाई. सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिस या वैद्याच्या परंपरेत एक पुस्तिका लिहिली गेली. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे, की हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. त्या काळी हे म्हणायला छाती लागली असेल.

चंद्राचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला 'याचं जास्त होतं' म्हणतात. युरोपातही तेच म्हणत, आणि लॅटिनमधल्या चंद्राच्या नावावरून वेड्याला 'लुनॅटिक' म्हणत. इंग्रज सरकारने १९१२ साली आपल्या देशासाठी जो कायदा केला त्याचे नावच 'लुनसी अॅक्ट' होते. म्हणजे चंद्र लागलेल्यांचा कायदा! तो १९८७ च्या नव्या कायद्याने गेला, आणि आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. या कायद्यात मनाच्या आजारी माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधून ठेवण्यास मनाई आहे. गोठ्यात दाव्याला बांधलेला माणूस मी नोकरीत एकदाच पाहिला आहे. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

इथे देवऋषीचा विषय टाळून चालणार नाही. चरकाच्या ग्रंथात उन्मादाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत वात, पित्त, कफ यांच्यापासून होणारे आहेत आणि एक 'आगंतु' आहे, म्हणजे बाहेरून आलेला. आपल्या बायाबापड्या 'बाहेरचं हाय' म्हणतात तो हाच शब्द, मराठी कपड्यांत. म्हणजे समजूत जुनी आहे आणि ती मानणारा माणूस मूर्ख नव्हे. त्याला दुसरे काही कोणी सांगितलेलेच नसते. मेंगाईला नवस बोलायला माझी ना नाही. आईच्या मनाला तेवढाच आधार. पण नवस बोलताना गोळी बंद होता कामा नये. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, दोरीने वा साखळीने बांधणे, चटके देणे हा २०१३ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे, हेही घरातल्या चार माणसांनी ध्यानात ठेवावे.

औषधाची हकीकत थोडक्यात. या आजारावर चालणारे पहिले खरे औषध 'क्लोरप्रोमाझिन', पॅरिसच्या डॉक्टरांनी १९५२ साली ते रोग्यांना देऊन पाहिले. त्याच वर्षी आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून 'रिसर्पिन' हा अर्क वेगळा काढला गेला आणि काही वर्षे तोही मनाच्या आजारावर जगभर वापरात होता. त्याआधी १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेविषयी लिहिले होते, आणि वैद्य तर तिला पूर्वीपासून ओळखत होते. हे वाचून कोणी घाटातून मुळी उपटून आणू नये! तिने रक्तदाब एकदम उतरतो, उदासी वाढते. आता तिच्यापेक्षा चांगल्या गोळ्या आहेत, महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनेही आहेत.

शब्दाने किती फरक पडतो याचे उदाहरण जपानचे. तिथे या आजाराला 'मन फाटण्याचा रोग' अशा अर्थाचे नाव होते. डॉक्टर रोग्याला ते सांगायला कचरत, घरचे लपवीत. रोग्यांच्या नातेवाइकांच्या संघटनेने आग्रह धरला आणि २००२ साली तिथल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संस्थेने नाव बदलले; नव्या नावाचा अर्थ साधारण 'मनाची जुळणी बिघडणे' असा. तीन वर्षांच्या आत, ज्या रोग्यांना आपल्या आजाराचे नाव सांगितले जाते त्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या जवळ गेले. आता तुम्ही म्हणाल, नाव बदलून रोग बदलतो का? नाही बदलत. वेल्हे तालुक्याला २०२४ साली राजगड नाव द्यायचे ठरले, म्हणून तोरणा काही जागचा हलला नाही. पण ज्या नावाने माणूस कागद कणगीत लपवतो आणि ज्या नावाने तो डॉक्टरांना चार प्रश्न विचारतो, त्या दोन नावांत अंतर आहेच.

आपल्याकडे नाव न बदलता ते उजेडात आणण्याचे काम काहींनी केले. मूळचे धुळे जिल्ह्याचे प्रा. जगन्नाथ वाणी कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवीत. त्यांनी हा आजार स्वतःच्या घरात पाहिला होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन झाली. तिच्यात आजारी माणसांचे नातेवाईक एकत्र बसून बोलतात. २००४ साली आलेला 'देवराई' हा मराठी चित्रपट याच आजारावर आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो केला, त्यातला भाऊ अतुल कुलकर्णी आणि बहीण सोनाली कुलकर्णी. देवराई म्हणजे काय हे भोर-वेल्ह्याच्या माणसाला सांगायला नको, प्रत्येक खोऱ्यात आपली एखादी आहेच. मिळाला तर घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा.

आता त्या वाडीचे पुढे काय झाले ते. कणगीतला कागद निघाला. मुलगा पुन्हा दवाखान्यात गेला, गोळ्या पुन्हा बसल्या. तो पूर्वीसारखा झाला असे मी म्हणणार नाही. गर्दीत जायला अजून बिचकतो आणि कारखान्याची नोकरी त्याला झेपत नाही. पण दोन म्हशींचे सगळे तो एकटा पाहतो आणि दूध डेअरीला घालून हिशेब चोख ठेवतो. बहिणीचे लग्नही झाले. सोयऱ्यांना आधीच सांगितले होते, त्यांनी 'साखरेच्या गोळ्या आमच्यातबी हायेत' एवढेच म्हटले.

तुमच्या घरात किंवा शेजारी असा कोणी असेल तर काय करायचे? हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, अगदी शिकते-कमावते पोर असताना. आईबापांच्या वळणाने तो होत नाही, तेव्हा एकमेकांना दोष देत बसू नये. जितक्या लवकर औषध सुरू होईल तितका गुण चांगला. भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय येथे आधी चौकशी करा, ते पुढची वाट दाखवतील. पुण्यात ससून आहे, औंधचे जिल्हा रुग्णालय आहे, येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे नुसते तपासून औषध घेऊन परतही येता येते, 'येरवड्याला धाडला' म्हणजे कायमचा गेला असे नाही. रात्री-अपरात्री घाबरायची वेळ आली तर १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस' क्रमांक आहे, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलता येते.

गोळ्या सुरू झाल्यावर सुरुवातीला झापड येते. ती बसेपर्यंत ट्रॅक्टर, कडबाकुट्टी आणि विहिरीवरचे काम त्या माणसाकडे देऊ नका. वजन वाढले, हात थरथरले तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. लावणीच्या आणि झोडणीच्या धांदलीत तारीख चुकते, म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी कोण पुण्याला जाणार हे ठरवून ठेवा. बरे वाटले म्हणून थांबवणे हा सर्वांत मोठा धोका. करपा दिसेनासा झाला म्हणून दुसरी फवारणी टाळणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगायला नको. मनाचा आजार असलेल्या घरात, खरे तर कुठल्याही घरात, कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच जाणत्या माणसाकडे असू द्या. आजार दीर्घ असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, दाखल्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

आणि डॉक्टरांपुढे बसलात की न लाजता विचारा: "साहेब, या शब्दाचा अर्थ काय? किती दिवस गोळ्या? घरी आम्ही काय करावे, काय करू नये?" उत्तर घरी येऊन त्याच कागदामागे मराठीत लिहून ठेवा.

पुढील अंकी करपा आणि खताचा दुसरा हप्ता. धने पेरण्याविषयी ज्यांची पत्रे आली आहेत, त्यांना रब्बीच्या आधी सविस्तर कळवीन. तोवर बी रगडून ठेवायची घाई नको.